पद एक, प्रभारी अनेक

परी म्हणजे पंख असलेली, देखणी, वयाची पंचविशी कधीच न ओलांडणारी आणि पोटापाण्यासाठी काय करते हे कोणी कधी न विचारलेली स्त्री. मराठी शब्दकोशात आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात हीच व्याख्या चालते. फरक एवढाच, की शब्दकोशातल्या परीचा डावा पंख दुसऱ्या गाण्यापर्यंत लोंबायला लागत नाही.

शब्द स्त्रीलिंगी आहे आणि त्याचे अनेकवचन 'पऱ्या'. परीचा अर्धा रुबाब इथेच उतरतो. 'एक परी आली' म्हटले की चांदणे सांडते. 'चार पऱ्या आल्या' म्हटले की पारावर बसलेला पराग मागे वळून बघतो. म्हणून मराठी गोष्टींत परी शक्यतो एकटीच येते. दुसरीही आलीच, तर एक लाल आणि एक निळी असा रंग लावून लेखक अनेकवचनाची वेळ टाळतो.

तिच्यासारखे दिसणारे शब्दही बरेच आहेत. जुन्या मराठीतले 'परि' म्हणजे 'पण'. 'आपापल्या परीने' यातली परी म्हणजे रीत. परीस हा दगड आहे, आणि परीटघडीचा संबंध परीच्या कपड्यांपुरता लावता आला तर येईल. संस्कृत उपसर्ग 'परि' म्हणजे सभोवार. त्याला 'ईक्षा' म्हणजे पाहणे जोडले की परीक्षा होते. लातुरात लहानथोरांनी प्रत्यक्ष पाहिलेला, परीने सुरू होणारा शब्द हाच. 'लातूर पॅटर्न' म्हणून ज्या गावाची राज्यभर ओळख आहे, जिथे आसपासच्या जिल्ह्यांतले आईबाप मुलाच्या बारावीसाठी खोली करून राहतात, तिथे परीला कोण भितो? परीक्षेला मात्र घरातली आजीसुद्धा भिते. केंद्रावर सीसीटीव्ही बसल्यापासून तर चहूबाजूंनी पाहणे ही व्युत्पत्तीही शब्दशः खरी ठरली आहे.

खरी परी फारसीतून आली. पण फारसीतही ती जन्मतः परी नव्हती. पारशी धर्मग्रंथ अवेस्तामध्ये 'पइरिका' नावाची बाई आहे, आणि ती सरळसरळ चेटकीण आहे. माणसांना भुलवणे, बिघाड करणे ही तिची कामे. पुढच्या शतकांत फारसी कवींनी तिला इतके सुधारले, की चेटूक विसरले गेले आणि रूप तेवढे उरले. चारित्र्याचा दाखला इतका पालटून घेतल्याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण. त्याच अवेस्तात 'दएव' म्हणजे राक्षस, आणि फारसी गोष्टींतला 'देव' तोच, शिंगांचा आणि सुळ्यांचा. म्हणजे इराणच्या सरहद्दीवर सामानाची अदलाबदल झाली. तिकडची चेटकीण सौंदर्यवती होऊन आपल्याकडे आली आणि आपण ज्याला हात जोडतो त्याला तिकडे बघून लोक पळू लागले. मराठवाड्यातल्या एखाद्या माणसाने 'देव पावला' असे सांगितले, तर जुन्या इराण्याने त्याचे सांत्वन केले असते.

पुण्यामुंबईच्या मुलांना परी बरीचशी इंग्रजी गोष्टींच्या भाषांतरांतून भेटली. मराठवाड्यात ती वेगळ्या दाराने शिरली. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कचेरीची भाषा उर्दू, शाळेची उर्दू. दस्त, अर्जी, तहसील, जमाबंदी या शब्दांच्या गाठोड्यातच परीही बांधून आली. त्यातले जमाबंदीचे शब्द घरोघरी पोचले, कारण ते वसुलीला येत. परी कुणाच्या दारात वसुलीला आली नाही, म्हणून ती गाण्यात आणि नाटकात राहिली.

त्या नाटकाचे नाव 'इंदरसभा'. लखनौच्या आगा हसन अमानत यांनी ते १८५३ च्या सुमारास लिहिले. सभा इंद्राची आहे. म्हणजे रंभा, उर्वशी, मेनका यांची हक्काची नोकरी. पण पडदा वर जातो तेव्हा तिथे नाचायला उभ्या असतात पुखराज परी, नीलम परी, लाल परी आणि सब्ज परी. स्वर्गातली सगळी पदे परप्रांतीयांनी भरलेली, आणि त्याबद्दल अप्सरांनी मोर्चा काढल्याची नोंद नाही. नाटकात काला देव आणि लाल देव हे सरळ राक्षस आहेत, इंद्र मात्र देव आहे, आणि प्रेक्षकाला यात काहीच खटकत नाही. हिरवी परी गुलफाम नावाच्या राजपुत्राच्या प्रेमात पडते, काल्या देवाकरवी त्याला उचलून आणवते, लाल देव चुगली करतो, आणि इंद्र तिचे पंख छाटून गुलफामला विहिरीत टाकतो. लाल परीला यात नाचापलीकडे काही काम नाही. तिचे दिवस पुढे यायचे होते. १९३२ साली मदन थिएटर्सने या नाटकाचा बोलपट काढला. त्यात सत्तरच्या आसपास गाणी होती.

आता इंग्रजी 'फेअरी'. हा शब्द आणि परी सख्ख्या बहिणी असाव्यात, असे कानाला खात्रीने वाटते. कान चुकतो. फेअरी आली लॅटिन 'फाता'वरून, जुन्या फ्रेंचमार्गे. फाता म्हणजे दैवाच्या देवता, जन्मलेल्या मुलाचे पुढे काय होणार हे ठरवणाऱ्या बाया. झोपलेल्या राजकन्येच्या गोष्टीत बारशाला येऊन वर देणाऱ्या आणि एक न बोलावलेली येऊन शाप देणारी, त्या याच. पंख त्यांना फार उशिरा फुटले, ते बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकारांनी आणि नाटकवाल्यांनी लावले. मूळची फेअरी पायी येत होती आणि कामाला येत होती.

म्हणजे व्युत्पत्तीने पाहिले तर फेअरीला मराठी प्रतिशब्द 'परी' नाही. तो आहे सटवाई.

बाळ जन्मल्यावर पाचवी पुजतात. पाटा-वरवंटा मांडतात, हळदकुंकू वाहतात, जवळ कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे नशीब लिहून जाते. बाळ झोपेत हसले की सटवाई हसवते, ओठ काढले की तीच रडवते. बोरू गेला, टाक गेला, आता दोन रुपयांचे बॉलपेन ठेवतात. लेखनात त्यामुळे काही सुधारणा झाल्याचे दिसत नाही. कागद सकाळी कोराच असतो, कारण मजकूर कपाळावर असतो आणि तो वाचता येणारा माणूस अजून जन्मायचा आहे. युरोपातल्या फेअरीने बारशाला निदान मोठ्याने वर दिला. सटवाईचे काम सीलबंद लखोट्यात. पुढे अठराव्या वर्षी निकाल लागतो तेव्हा बाप म्हणतो, 'सटवाईनं लिहिलेलं टळत न्हाई', आणि मुलगा हे उत्तर पुनर्मूल्यांकनाच्या अर्जात लिहिता येईल का याचा विचार करतो.

एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याला समाजाने काय मान दिला? 'सटवी' ही मराठीतली घराघरातली शिवी आहे. सासू सुनेला देते, सून मांजरीला देते. पर्शियाच्या चेटकिणीला आपण परी म्हणून डोक्यावर घेतले आणि घरच्या परीची सटवी केली. मराठी माणसाला बाहेरून आलेल्याचे कौतुक अंमळ जास्त असते, हे भाषाशास्त्रानेही सिद्ध होते ते असे.

मग फेअरीची बाकीची कामे कोणी सांभाळायची? इंग्रजी गोष्टींत ही बाई पाण्याकाठी राहते, रस्ता चुकवते, पोरांना झपाटते, दात घेऊन पैसे ठेवते आणि गरीब मुलीसाठी गाडीची सोय करते. मराठवाड्यातल्या सरकारी कचेऱ्यांचा ज्यांना परिचय आहे त्यांना पुढची व्यवस्था सांगावी लागणार नाही. मूळ पद रिक्त, आणि प्रत्येक टेबलाला वेगळा प्रभारी.

पाणीपुरवठा आसरांकडे आहे. आसरा हे 'अप्सरा'चेच गावठी रूप. अप् म्हणजे पाणी, आणि पाण्यात वावरणारी ती अप्सरा. स्वर्गातली नोकरी पऱ्यांनी घेतल्यावर या बाया मूळ गावी, विहिरीवर परत आल्या, असे म्हणायला हरकत नाही. त्या सात आहेत म्हणून साती आसरा. त्यांची जी नावे सांगतात ती ऐकून परीकथेतली राजकन्या बेशुद्ध पडेल: मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, जतुपी, सोमपा आणि मकरी. म्हणजे मासोळी, कासवीण, खेकडीण, बेडकी, वटवाघळासारखी एक, सोमरस पिणारी एक आणि मगरीण. सौंदर्यस्पर्धेला ही यादी चालणार नाही, पण विहिरीत प्रत्यक्ष कोण राहते याची ही बऱ्यापैकी अचूक खानेसुमारी आहे.

आसरांचे देऊळ नसते. विहिरीच्या, बारवेच्या किंवा तळ्याच्या काठाला शेंदूर लावलेले सात दगड ओळीने मांडले की झाले. खण, हिरव्या बांगड्या, हळदकुंकू, दहीभात एवढ्यावर त्या संतुष्ट असतात. संतुष्ट नसल्या तर 'लागतात', विशेषतः बाळंतिणीला, आणि विशेषतः भर दुपारी. युरोपातल्या असल्या मंडळींचे कामकाज मध्यरात्री चालते. मराठवाड्यात ते दुपारी बाराला चालते, आणि लातूरच्या मे महिन्यात बेचाळीस अंशांच्या उन्हात विहिरीकडे निघालेल्या पोराला 'कुठं जाऊलालास रं भर बाराचं?' असे म्हातारीने दटावले, तर त्यात आसरांचा वाटा किती आणि उन्हाचा किती हे वेगळे काढता येत नाही.

त्यांचे नाव मोठ्याने घेत नाहीत. 'त्या बाया', 'माउल्या' असे मोघम बोलतात. आयर्लंडमध्येही फेअरींना नावाने न पुकारता 'भली माणसे' म्हणायची चाल होती. आपल्याकडे रात्री सापालाही 'लांबडं' म्हणतात. न दिसणाऱ्यांना आणि चावणाऱ्यांना आदराने बोलावे, हा नियम जगभर सारखा आहे. लोखंडाचेही तसेच. तिकडे पाळण्याला लोखंडी वस्तू टांगत, इकडे बाळंतिणीच्या उशाखाली विळा किंवा अडकित्ता ठेवतात. त्या दोन मुलुखांनी एकमेकांना विचारले नव्हते.

आसरांवर खरे संकट मांत्रिकाने आणले नाही, की अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनीही नाही. ते आणले बोअरने. विहिरीला काठ असतो, पायऱ्या असतात, सात दगड मांडायला जागा असते. बोअर साडेसहा इंच रुंद आणि सहाशे-आठशे फूट खोल. सात बहिणींनी, त्यातल्या एका मगरीसह, त्यात कसे राहायचे? मांजरा धरण कोरडे पडले तेव्हा तर विहिरी आणि बोअर दोन्ही हरले. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पहिली पाण्याची गाडी लातूरला पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. रेल्वेने तिचे नाव ठेवले 'जलदूत'. जलपरी हे नाव कोणाला सुचले नाही, कारण दुष्काळात विनोद करायची सोय नसते. पण अप्सरांचे हजारो वर्षांचे खाते त्या दिवशी रेल्वेकडे गेले आणि प्रभारी प्रथमच पुल्लिंगी झाला.

ज्यांना अप्सरा परंपरागत पोशाखात पाहायची आहे त्यांनी नांदेड जिल्ह्यात देगलूरजवळचे होट्टल किंवा लातूर जिल्ह्यातले निलंगा गाठावे. तिथल्या मंदिरांच्या भिंतींवर सुरसुंदरी आहेत. यांना पंख नाहीत. आठ-नऊशे वर्षे एका पायावर भार देऊन, कंबर वळवून उभे राहायला पंख लागतही नाहीत. बाकी अप्सरा नाव आता मुख्यतः पेन्सिलीला उरले आहे. इंद्राने तपस्व्यांचे लक्ष उडवायला ज्यांना पाठवले, त्यांच्या नावाची पेन्सिल आई स्वतः दप्तरात घालते आणि लक्ष देऊन लिही म्हणते.

भीती घालण्याचे खाते मोठे आहे आणि तिथे कर्मचारी गरजेपेक्षा जास्त. यक्षिणीची झाली जखीण. कुबेराच्या खजिन्यावरचे पद गेले आणि बाई पिंपळावर आली. बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ होते म्हणतात. तिची पावले उलटी असतात, आणि ती पुढून भरदार, मागून नुसता सांगाडा, असेही वर्णन आहे. स्कँडिनेव्हियाच्या जंगलात हुल्द्रा नावाची सुंदर स्त्री आहे, तिची पाठही पोकळ असते. दोघींनी एकाच शिंप्याकडे माप दिल्यासारखे दिसते. खवीस अरबी 'खबीस'वरून आला, म्हणजे दुष्ट. परी ज्या काफिल्यातून आली त्याच्याच मागच्या बैलगाडीत तो बसलेला असणार. तिला गाण्यात जागा मिळाली, त्याला ओढ्याकाठी.

रस्ता चुकवण्याचे काम चकव्याकडे. चकवा लागलेला माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे जिथून निघाला त्याच बाभळीखाली सापडतो. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात हेच काम पिक्सी करतात आणि उपाय म्हणून अंगरखा उलटा घालतात. लातूर शहरात यासाठी भुताची गरज पडली नाही, नगररचनेनेच सोय केली. १९१७ साली बांधलेली गंजगोलाई गोल आहे, मध्ये जगदंबेचे देऊळ आहे आणि तिला सोळा रस्ते फुटतात. बाहेरगावचा माणूस सराफ्याच्या रस्त्याने आत शिरतो, देवीला नमस्कार करतो, एक चक्कर मारतो आणि भांड्यांच्या बाजारात निघतो. परत फिरतो तो मिरच्यांच्या ढिगाशी. अंगरखा उलटा घालून उपयोग होत नाही, चहावाल्याला विचारावे लागते.

गंमत अशी, की याच १९१७ साली इंग्लंडमध्ये कॉटिंगली गावी सोळा वर्षांच्या एल्सी राइट आणि नऊ वर्षांच्या फ्रान्सिस ग्रिफिथ्स या नात्याने बहिणी लागणाऱ्या दोघींनी ओढ्याकाठी पऱ्यांचे फोटो काढले. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल यांनी ते खरे मानले, १९२० साली मासिकात छापले आणि १९२२ साली त्यावर पुस्तक लिहिले. आयुष्यभर राखेवरून चोर ओळखणारा गुप्तहेर लिहिलेल्या माणसाला कागदाच्या कापलेल्या पऱ्या ओळखता आल्या नाहीत. १९८३ साली म्हाताऱ्या झालेल्या बहिणींनी सांगून टाकले, की एका पुस्तकातल्या चित्रांवरून पऱ्या काढून, त्या कापून टोपीच्या पिनांनी उभ्या केल्या होत्या. मराठवाड्यातल्या हडळीचा फोटो आजवर कोणी दाखवलेला नाही, हा तिच्या प्रामाणिकपणाचाच पुरावा मानला पाहिजे.

मोजदादीत मात्र मराठवाडा नेहमीप्रमाणे मागे राहिला. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी शाळामास्तरांना प्रश्नावल्या धाडून मुंबई इलाख्यातली भुते, आसरा, देवचार यांची माहिती गोळा करायला घेतली होती. १९०९ साली त्यांची हत्या झाली. एन्थोव्हेन या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्याने त्या टिपणांतून गुजरातचा भाग १९१४ ला आणि कोकणचा १९१५ ला काढला. लातूर-नांदेड निजामाकडे, म्हणून इथल्या मास्तरांना कोणी विचारलेच नाही. पुढे १९८४ साली दांडेकर समितीने विभागवार अनुशेष मोजला, पण तो रस्ते, सिंचन, शिक्षण अशा गोष्टींचा. भुतांचा अनुशेष कोणी मांडला असता तर कोकणचे पारडे इतके जड निघाले असते, की मराठवाड्याला दोन पंचवार्षिक योजना भुते पुरवावी लागली असती.

दातांचे खाते किरकोळ आहे. पडलेला दुधाचा दात उंदराच्या बिळात टाकायचा किंवा माळवदावर फेकायचा आणि उंदरासारखा बारीक, पक्का दात मागायचा, ही जुनी रीत. त्यात पैशाचा व्यवहार नव्हता. इंग्रजी शाळांबरोबर उशीखाली नाणे ठेवणारी दातपरी आली. माळवदे जाऊन स्लॅब आले असल्याने उंदराने तक्रार केली नाही.

राहिली गाडीची सोय करणारी परी. हे एकच खाते असे आहे, की तिथे प्रभारी नाही, नावासकट कायम कर्मचारी आहे. ती म्हणजे एसटीची लाल गाडी, लालपरी. हिंदुस्थानीत याच शब्दाने बाटलीतल्या वस्तूचाही निर्देश होतो, आणि दोहोंच्या प्रवाशांची चाल उतरल्यावर काहीशी सारखी असते. पण महाराष्ट्रात लालपरी म्हटले की पहिल्यांदा एसटीच आठवते. १८५३ मध्ये इंद्राच्या सभेत रांगेत उभ्या असलेल्या लाल परीचे नशीब सटवाईने बहुधा तेव्हाच लिहिले असावे.

१ जून १९४८ रोजी पुणे ते नगर अशी पहिली एसटी धावली. त्या दिवशी मराठवाडा संस्थानातच होता. इथे निजामाच्या रेल्वेने १९३२ पासून सत्तावीस गाड्यांनी मोटारसेवा सुरू केलेली होती. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि मग ही परी हळूहळू गावोगाव उतरू लागली. गोष्टीतली परी छडी फिरवते. हिच्याकडे घंटीची दोरी आहे, एक ठोका थांबायला, दोन निघायला. तीही वर देते, पण शासन निर्णय काढून: ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीट माफ, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे. गावातल्या कित्येकांचे वय त्या ऑगस्टमध्ये एका रात्रीत पंचाहत्तर झाले. तारुण्य देणाऱ्या पऱ्या पुष्कळ आहेत, म्हातारपण देणारी ही एकटीच.

सिंड्रेलाला बाराच्या आत घरी पोचायचे बंधन होते, कारण बारानंतर गाडीचा भोपळा व्हायचा. लातूर जिल्ह्यातल्या वाडीवरच्या मुलीला गाडी संध्याकाळची चुकली की भोपळा लगेच मिळतो. शेवटची असते ती मुक्कामी गाडी. रात्री आठ-नऊला ती धूळ उडवत गावात येते आणि पाराजवळ, बहुधा जुन्या आडाच्या अंगाला, थांबते. आडाच्या काठावर शेंदूर गेलेले सात दगड असतात, आत पाणी नसते. ड्रायव्हर-कंडक्टर बाकांवर पथारी टाकतात. पहाटे सहाला कॉलेजच्या पोरी जागा धरायला खिडकीतून रुमाल टाकतात, ड्रायव्हर आरशाला अडकवलेला वाळका हार काढून नवा घालतो, आणि बाहेरचे काही लागू नये म्हणून पुढच्या बंपरला बांधलेली लिंबू-मिरची नीट आहे ना ते वाकून बघतो.